लेकराच्या पायाला जागा हवी

सकाळी शाळेच्या रस्त्यावर पाहा. बाप सायकल मारतो आहे, मागे कॅरिअरवर पाच-सहा वर्षांचे लेकरू बसले आहे आणि त्याचे पाय चाकाशेजारी लोंबकळत आहेत. पालकहो, धोका इथेच आहे. पाय आत सरकला की टाच स्पोकमध्ये सापडते. स्पोक आणि फ्रेम यांच्यामध्ये कातडी चिरडते, कधी हाडही मोडते.

इंग्लंड-अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी एक सोय आहे. मोठ्या सायकलच्या सीटखालच्या दांडीला एकाच चाकाची अर्धी सायकल जोडतात. साधारण चार ते नऊ वर्षांचे मूल तिच्यावर बसते. त्याची सीट, हँडल, पायडल वेगळे. ते दमले तर पाय थांबवते. पुढचा माणूस ओढत राहतो. मात्र त्याला वळण मोठे घ्यावे लागते, ब्रेकही लवकर दाबावा लागतो.

ही वस्तू आपल्या खिशाला परवडो न परवडो, तिच्यातली गोष्ट घेता येते: मुलाच्या पायांना त्यांची स्वतःची जागा द्या. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फूटरेस्ट बसवा, चाकाला जाळी लावा, मुलाला बूट घाला.

तरीही पाय अडकलाच तर ओढू नका. चाक हळूच उलटे फिरवा, नाहीतर स्पोक कापा. जखम स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, चहापूड भरू नका. आज किरकोळ दिसणारी जखम चार दिवसांनी काळी पडू शकते. म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

येत्या सुट्टीच्या दिवशी सायकल दुकानात न्या आणि जाळी बसवूनच घरी या.