हिरव्या फोमशिवाय फुलं छान उभी राहतात!

मानपाड्यातल्या मंडळींनो, सणासाठी कल्याणच्या फूलबाजारातून फुलं आणाल, तेव्हा पुष्परचनेचा हिरवा फोम मात्र घेऊ नका. पाणी शोषणारा हा ठोकळा फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं प्लास्टिक आहे. तो कुजत नाही, त्याचा नुसता चुरा होतो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाच्या अभ्यासात त्याचे सूक्ष्मकण पाण्यातले जीव गिळतात असं दिसलं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली आहे.

मग वापरायचं काय?

🌼 केळीच्या खांबाचा तुकडा: आत भरपूर ओलावा असतो. सळईने भोक पाडून देठ खोचा.

🌼 बारीक लोखंडी जाळी: चुरगळून भांड्यात बसवा, पाणी भरा. धुऊन वर्षानुवर्षं वापरता येते.

🌼 केंझान: जपानी इकेबानातली टोकदार खिळ्यांची जड बैठक. उथळ भांड्यासाठी उत्तम.

🌼 बांधायला प्लास्टिकच्या रिबिनीऐवजी सुतळी किंवा काथ्या.

सण झाला की खांब आणि फुलं बारीक चिरून सोसायटीच्या खतखड्ड्यात टाका. जाळी, केंझान मात्र पुसून कोरडे ठेवा, नाहीतर गंजतील.

यंदाच्या गौरी-गणपतीत करून बघा आणि फोटो नक्की टाका!

#पर्यावरणपूरक_सजावट #मानपाडा