सॉफ्टवेअरच्या कारागिराला ओळख, उस्ताद आणि आधार कसा मिळतो?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील आपल्या घरांतून अलीकडे एक नवा कारागीर तयार होऊ लागला आहे. तो शिलाई यंत्रावर बसत नाही की रंधा हातात धरत नाही. तो संगणकावर सॉफ्टवेअर लिहितो. वडिलांना वाटते, पोरगा दिवसभर पडद्यापुढे बसून वेळ दवडतो. मुलाला वाटते, पुण्यात खोली घेतल्याशिवाय आपल्याला कोणी विचारणार नाही. हे दोन्ही समज अपुऱ्या माहितीवर उभे आहेत, म्हणून या धंद्याची रीत येथे सांगत आहोत. आम्ही कापडाचे व्यापारी. संगणकातले पंडित नव्हे. पण माल कसा ओळखला जातो, शागीर्द कसा घडतो आणि पेढी कशी टिकते, एवढे आम्हाला कळते. या धंद्यातही मुख्य प्रश्न हेच तीन आहेत.

ओळख : नमुना उघडा ठेवावा लागतो

आपल्याकडे गिऱ्हाईक कापड हातात घेतो, धागा ओढून पाहतो, मग भाव विचारतो. सॉफ्टवेअरचा धागा म्हणजे कोड, अर्थात संगणकाला दिलेल्या लेखी सूचना. मोठ्या कंपन्या हा कोड बहुधा झाकून ठेवतात. एकटा कारागीर मात्र तो सर्वांसमोर उघडा ठेवतो आणि त्यातूनच त्याची ओळख होते. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपले अपुरे काम असेच लोकांपुढे मांडले व सूचना मागितल्या. ते काम म्हणजे लिनक्स. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच पायावर चालतो.

असे काम ठेवण्याची गिटहब ही मोठी वखार २००८ पासून चालू आहे. तेथे जागा घ्यायला पैसे लागत नाहीत. पण नुसते काम टाकून भागत नाही. सोबत तीन गोष्टी हव्यात. एक, हे सॉफ्टवेअर काय करते आणि कसे बसवायचे, याची साध्या भाषेतील माहिती. दोन, परवाना, म्हणजे इतरांनी ते कोणत्या अटींवर वापरावे हे लिहून देणे. परवाना नसेल तर कायद्याने सर्व हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात आणि शहाणा माणूस त्या मालाला हात लावत नाही. तीन, कोणी चूक दाखवली तर ती वेळेवर दुरुस्त केल्याची नोंद. ही नोंद सर्वांना दिसते. काम देणारा ती वाचून माणसाची पारख करतो.

उस्ताद : कामावर बोट ठेवणारा

ज्याच्याकडे स्वतःचे मोठे काम नाही त्याने दुसऱ्याच्या चालू कामात लहानशी दुरुस्ती करून पाठवावी. ते काम सांभाळणारे अनुभवी लोक ती तपासतात, कोठे चुकले ते लिहितात आणि पुन्हा करायला सांगतात. कारखान्यात उस्ताद उलटी शिवण उसवायला लावतो तसाच हा प्रकार आहे. उसवण्याचा राग आला तर शिक्षण तेथेच थांबते. ज्याला अजून कोड नीट येत नाही त्याने भाषांतरापासून सुरुवात करावी. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत मिळतात, ते अशा स्वयंसेवकांच्या मेहनतीमुळेच. हे सारे काम घरी बसून, लेखी होते. त्यामुळे घराबाहेर राहणे जमत नाही अशा मुलींनाही हा मार्ग मोकळा आहे.

२००५ पासून चालणाऱ्या ‘गुगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात निवड झालेल्याला ठरलेले काम, मार्गदर्शक आणि टप्प्याटप्प्याने मानधन मिळते. २०२२ पासून त्यात विद्यार्थी असण्याची सक्ती राहिलेली नाही. १८ वर्षे पूर्ण झालेला नवशिकाही अर्ज करू शकतो. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लहान लहान चित्रफितींतून, मराठीतही, मोफत शिकवतो. त्या उतरवून घेता येतात, म्हणून डोंगराआड जेथे नेटवर्क धड नाही तेथेही उपयोगी पडतात.

तरीही माणसे प्रत्यक्ष भेटण्याची बरकत वेगळी असते. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट जुना आहे. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत २००३ पासून अनेक वर्षे ‘जीएनयूनिफाय’ हा मेळावा भरत असे, आणि पायथन या संगणकीय भाषेची राष्ट्रीय परिषद २०११ साली पुण्यात भरली होती. आजही पुण्यात अशा बैठका होतात. भोरहून कापूरहोळमार्गे किंवा वेल्ह्याहून नसरापूरमार्गे एसटीने सकाळी निघालेला मुलगा बैठक आटोपून संध्याकाळी परत येऊ शकतो. त्यासाठी खोली घ्यावी लागत नाही. मात्र नुसते ऐकून परतू नये. पाच-दहा मिनिटे का होईना, आपले काम उभे राहून दाखवावे.

आधार : वापरणारे जमले की पेढी उभी राहते

व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे उदाहरण मुंबईचे आहे. रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय होता. हिशेब आणि मालसाठ्याची तयार संगणक प्रणाली तेथे नीट बसेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतली. २००८ साली त्यांनी कंपनी काढली आणि पुढे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. कोड फुकट, बसवून देणे, सांभाळणे आणि सेवा यांचे पैसे. देशोदेशीचे लोक ते वापरू लागले, चुका कळवू लागले, भर घालू लागले. वापरणाऱ्यांच्या परिषदा मुंबईत भरल्या. शिवाय हेच सॉफ्टवेअर बसवून देण्यावर इतर अनेक लहान व्यावसायिकांचीही रोजीरोटी चालते.

अशा कामाला हातभार लावण्यासाठी २०२० साली ‘फॉस युनायटेड’ ही ना-नफा संस्था सुरू झाली. ती शहरोशहरी बैठका घेते, स्पर्धा भरवते आणि अनुदानही देते. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ साली खुल्या सॉफ्टवेअरसाठी दरवर्षी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. अर्थात हा पैसा ज्यांचे काम आधीच लोकांच्या उपयोगी पडत आहे त्यांच्याकडे जातो. कोऱ्या हातांना तो मिळत नाही.

सावध कोठे राहावे?

‘इतकी फी भरा, नाव करून देतो, इंटर्नशिप मिळवून देतो’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. वर सांगितलेल्या मार्गांपैकी एकालाही अर्जाची फी लागत नाही. दुसरे, गिऱ्हाइकाच्या हिशेबाच्या नोंदी कधीही उघड्या कोडात टाकू नयेत. ती अमानत आहे. तिसरे, खुले काम म्हणजे जन्मभर फुकट काम नव्हे. शिकण्यासाठी द्यायचा वेळ आणि कमाईसाठी द्यायचा वेळ सुरुवातीलाच वेगळा ठेवावा.

आपण व्यापारी काय करू शकतो?

या मुलांना सर्वांत जास्त गरज आहे ती खऱ्या अडचणीची, आणि ती आपल्या दुकानात पडून आहे. साधे बिलाचे सॉफ्टवेअर नग मोजते. कापड मात्र मीटरने कमी होते, ठाणाच्या शेवटी कटपीस उरतो आणि त्याचा भाव निराळा असतो. शिंप्याला मापांची वही आणि कपडे देण्याच्या तारखा सांभाळायच्या असतात. किराणावाल्याची उधारी सुगीपर्यंत चालते. यांपैकी एक काम गावातल्या मुलाला द्यावे. रक्कम आणि मुदत कागदावर लिहावी, बयाणा द्यावा, आणि तीन महिने रोज वापरून चुका न ओरडता दाखवाव्यात. नोंदी आपल्या राहतील, कोड त्याला खुला ठेवता येईल, असे आधीच ठरवावे.

यात आपलाही फायदा आहे. कोड उघडा असेल तर एका विक्रेत्याच्या मर्जीवर राहावे लागत नाही. उद्या दुसरा जाणकारही तो दुरुस्त करू शकतो. आणि मुलाला सांगता येते की माझे काम अमुक दुकानात रोज चालते. या धंद्यात एवढी एक खरी साक्ष दहा प्रमाणपत्रांना भारी पडते. ती देणे आपल्या हातात आहे.