कंबरदुखीचे नऊ प्रश्न

दोन शिक्षकांची कल्पना करू. दोघेही पंचेचाळिशीचे. शाळेतले बाक हलवताना दोघांच्याही कमरेत एकाच दिवशी उसण भरली. पहिले गुरुजी चार दिवस वाकडेतिकडे चालले, आठवड्याने वर्गात उभे राहिले आणि महिन्याभरात ते दुखणे विसरूनही गेले. दुसऱ्या गुरुजींचे दुखणे सहा महिने झाले तरी संपले नाही. खाली बसणे बंद, पिशवी उचलणे बंद, रजाही संपत आलेली. दुखापत तर सारखीच होती. मग फरक कुठे पडला? आणि पहिल्या आठवड्यातच या दोघांना तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टला तो ओळखता आला असता का?

प्रश्न दोन गुरुजींपुरता नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत ती सर्वांत वर आहे. बहुतेकांचे दुखणे पहिल्या काही आठवड्यांत बरेच उतरते. सगळ्यांनाच दीर्घ उपचार दिले तर वेळ आणि पैसा वाया जातो. कोणालाच दिले नाहीत तर दुसरे गुरुजी अडकून पडतात. म्हणजे चाळणी हवी. पण कशाची?

चित्र पुरेसे नाही

आपल्याला वाटते, एमआरआय काढला की सारे कळेल. पण ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा लोकांचे फोटो काढले तर काय दिसते? अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. मणक्यांमधल्या गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत आढळली. आणि यांतल्या कोणालाही वेदना नव्हती! केस पांढरे व्हावेत तशी गादीही वयानुसार झिजते. त्यामुळे ‘गादी झिजली आहे’ एवढ्या शब्दांवरून कोण बरे होईल आणि कोण नाही, हे ठरवता येत नाही. उलट ते शब्द ऐकून रोगी मात्र घाबरतो.

पहिली चाळणी : लाल बावटे

कंबरदुखीच्या मागे क्वचित गंभीर आजार असतो : मोडलेला मणका, जंतुसंसर्ग, कर्करोग किंवा मज्जारज्जूच्या टोकाकडील नसांच्या जुडग्यावर आलेला दाब. यांच्या खुणांना वैद्यक ‘लाल बावटे’ म्हणते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेतला व गुदद्वाराभोवतालचा भाग बधिर होणे, पायातली ताकद कमी होत जाणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, उतारवयातले पडणे. पहिल्या तीन खुणा दिसल्या तर प्रश्नावली भरत बसायचे नसते. तातडीने रुग्णालय गाठायचे असते.

पण लाल बावट्यांचेही एक गणित आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी परिसरात कंबरदुखीच्या १,१७२ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांत गंभीर कारण निघाले फक्त ११ जणांत आणि त्यांपैकी ८ जणांचा मणका मोडलेला होता. मात्र निदान एक तरी लाल बावटा असलेले रुग्ण होते सुमारे ८० टक्के, म्हणजे नऊशेहून अधिक! एकेकटी खूण धरून सर्वांना मोठ्या तपासण्यांना पाठवले असते, तर अकरा जणांसाठी नऊशे जण घाबरले असते. म्हणून फिजिओथेरपिस्ट एका खुणेवर थांबत नाही. वय, जुने आजार आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्याशी तो ती जुळवून पाहतो.

दुसरी चाळणी : पिवळे बावटे

लाल बावटे बाजूला झाले की उरतात शंभरातले नव्व्याण्णव. दुसरे गुरुजी यांच्यातच आहेत. त्यांना ओळखायचे कसे? १९९७ साली न्यूझीलंडमध्ये यासाठी ‘पिवळ्या बावट्यां’ची मार्गदर्शिका निघाली. दुखणे रेंगाळेल की नाही हे सांगणाऱ्या खुणांत माणसाच्या समजुती, भीती आणि उदासी यांना मोठे स्थान आहे, हे तिने पुढे आणले. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या ओरेब्रो येथील संशोधकांनी याच कामासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली.

याचा अर्थ ‘दुखणे मनाचे आहे’ असा मुळीच नाही. वेदना खरीच असते. ती रेंगाळते कशी, ते पाहू. ‘वाकलो तर मणका सरकेल’ असे वाटले की माणूस वाकणे टाळतो. हालचाल कमी झाली की स्नायूंची ताकद घटते, सांधे आखडतात. मग थोडे वाकले तरी जास्त दुखते आणि मनातली भीती खरी ठरल्यासारखी वाटते. असे हे चक्र आहे. दुसरे गुरुजी त्यातच अडकले होते.

नऊ प्रश्नांचा पेपर

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली ‘स्टार्ट बॅक’ नावाची छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न आहेत. पहिले चार शरीराचे : दुखणे पायात उतरले का, मान किंवा खांदाही दुखला का, चालणे थोड्या अंतरापुरतेच उरले का, कपडे घालायला वेळ लागतो का. पुढचे चार मनाचे : हालचाल धोक्याची वाटते का, मनात सतत काळजी असते का, हे कधीच बरे होणार नाही असे वाटते का, आवडीच्या गोष्टींतली गोडी गेली का. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. नवव्या प्रश्नात एकूण त्रास किती, ते पाच पायऱ्यांवर सांगायचे. वरच्या दोन पायऱ्यांना एक गुण.

आता पेपर तपासू. एकूण गुण तीन किंवा कमी आले, तर धोका कमी. चार किंवा जास्त आले, तर शेवटच्या पाच प्रश्नांचे गुण वेगळे मोजायचे. ते तीनपर्यंत असतील तर धोका मध्यम. चार किंवा पाच असतील तर जास्त.

आपल्या पहिल्या गुरुजींनी चालणे, कपडे आणि एकूण त्रास यांना ‘हो’ म्हटले, असे समजू. गुण तीन, धोका कमी. दुसऱ्यांनी पाय, चालणे, कपडे, धोक्याची भीती, काळजी, निराशा आणि त्रास यांना ‘हो’ म्हटले. एकूण सात, शेवटच्या पाचांत चार, धोका जास्त. एकूण त्रासाचा गुण दोघांनाही मिळाला आहे, हे लक्षात घ्या. फरक पाडला तो मुख्यतः मनाच्या प्रश्नांनी. एकूण गुणांबरोबर विषयवार गुण का पाहावेत, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

चाळल्यानंतर काय?

कमी धोक्याच्या रुग्णाला एकदा नीट तपासून धीर द्यायचा आणि हिंडते-फिरते राहायला सांगायचे. मध्यम धोका असलेल्याला नेहमीचा फिजिओथेरपीचा उपचार. जास्त धोका असलेल्याला व्यायामाबरोबरच त्याची भीती समजून घेऊन ती हळूहळू घालवणारा, त्यासाठी खास शिकलेला फिजिओथेरपिस्ट. याची परीक्षा इंग्लंडमध्ये ८५१ रुग्णांवर झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चाळणी लावलेल्या गटाला दैनंदिन हालचालींत नेहमीच्या पद्धतीपेक्षा थोडा जास्त फायदा झाला आणि दर रुग्णामागे खर्च सुमारे ३४ पौंडांनी कमी आला.

पण गोष्ट इथे संपत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हीच पद्धत दवाखान्यांत आणली गेली. २०१८ साली निष्कर्ष आले : रुग्णांना जादा फायदा झाला नाही आणि त्यांना मिळणारे उपचारही फारसे बदलले नव्हते. डेन्मार्कमधल्या २०२१च्या अभ्यासातही ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली नाही. चाळणी भात वेगळा करते, शिजवत नाही. गुण मोजून कागद फायलीत गेला, किंवा नेहमीचे उपचार आधीच चांगले असले, तर प्रश्नावलीने फरक पडेल कुठून?

भाषेचीही एक अडचण आहे. कंबरदुखीने रोजच्या कामांत किती अडते, हे मोजणारी १९८३ सालची ‘रोलंड-मॉरिस’ प्रश्नावली जगभर वापरली जाते. पायमोजे घालताना त्रास होतो का, असे तीत विचारले आहे. जन्मभर चपला घालणाऱ्या शेतकऱ्याने याचे उत्तर काय द्यावे? तो ‘नाही’ म्हणेल आणि त्याचा एक गुण जाईल. पण खुरपणीला उकिडवे बसता येत नाही, हे कागदावर येणारच नाही. म्हणून केवळ शब्दांचे भाषांतर पुरत नाही. एकाने मराठी केले की दुसऱ्याने ते मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत आणायचे, दोन्ही ताडायचे, आणि मग प्रत्यक्ष रुग्णांना विचारायचे, ‘यातून तुम्हाला काय समजले?’

हा शेवटचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. वर्षाच्या सुरुवातीला आपणही वर्गाची चाचणी घेतो. कमी गुणांच्या मुलाला ‘कच्चा’ म्हणून मागच्या बाकावर बसवले, तर ती चाचणी घेतली नसती तरच बरे झाले असते. त्याला कुठे अडते हे शोधून शिकवण्याची रीत बदलली, तरच तिचा उपयोग. ‘जास्त धोका’ हाही रुग्णाच्या कपाळावर मारायचा शिक्का नाही. या माणसाला अधिक वेळ द्या, एवढेच ते गुण सांगतात. दुसऱ्या गुरुजींना तो वेळ पहिल्या आठवड्यातच मिळाला असता, तर कदाचित त्यांची रजा शिल्लक राहिली असती.