अर्धा भरलेला तांब्या

गेल्या वर्षी कार्तिक महिन्यात माझ्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. तीत छातीच्या मधले हाड उभे कापतात, पायातून काढलेली शीर हृदयाच्या रक्तवाहिनीला जोडतात आणि हाड पुन्हा तारेने बांधतात. ते सांधण्यास दीड-दोन महिने लागतात. तोवर जड उचलावयाचे नाही, हातावर भार देऊन उठावयाचे नाही, खोकला आल्यास उशी छातीशी घट्ट धरावयाची. शल्यविशारदांचे काम काही तासांत संपले. पुढचे दोन महिने मात्र घरच्या माणसांचे होते. त्यांविषयीच हे चार शब्द.

कोणाचे पैशाचेही देणे डोक्यावर ठेवू नये, हा संस्कार आपल्या व्यापारी घरांत बाळपणीच होतो. बँकेतील नोकरीने माझ्यात तो अधिकच मुरला. त्यामुळे दुसऱ्याने पायात मोजे चढवावेत, पाठ पुसावी, हे मला शस्त्रक्रियेहूनही जड गेले.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी सूनबाईंवर चिडलो. उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या अर्धाच भरलेला होता. “एवढेही नीट होत नाही का?” असे मी बोलून गेलो. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, भरलेला तांब्या वळून एका हाताने उचललात, तर छातीवर ताण येईल. आणि दर वेळी हाक मारणे तुम्हाला आवडत नाही. म्हणून अर्धाच ठेवते आणि दोन तासांनी बघून जाते.” मी निरुत्तर झालो. माझी तहान तर तिने ओळखली होतीच, माझा अभिमानही ओळखला होता, आणि तो न दुखावता सांभाळला होता.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. शक्य तेवढ्या औषधांच्या वेळा मुलाने डॉक्टरांना विचारून सूर्यास्ताच्या आत बसविल्या होत्या. मला एकट्याला जेवावे लागू नये म्हणून तो साडेपाचलाच दुकानातून घरी येई. लग्नसराईचे दिवस, कापडाच्या दुकानात संध्याकाळीच खरी गर्दी. “गिऱ्हाईक परत जाईल रे,” मी म्हणे. “जाऊ दे, उद्या येईल,” एवढेच त्याचे उत्तर. श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रातील तीन चेंडूंपैकी आज किती वर गेले, याची नोंद नातू पाटीवर ठेवी. मोठ्या वहिनी दुपारी येत, “साता आहे ना?” विचारीत, वीस मिनिटे बसत, आणि दुसऱ्या कोणाच्या शस्त्रक्रियेची हकिकत एकदाही सांगत नसत!

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत. प्रायश्चित्त व विनय यांच्यानंतर वैयावृत्त्य येते. आपण बोलीत त्याला वैयावच्च म्हणतो. ज्यांची सेवा करावी अशा दहांमध्ये ‘ग्लान’, म्हणजे आजारी साधू, यांचाही समावेश आहे. शास्त्राचा रोख साधुसंघाकडे असला, तरी आपणा श्रावकांना त्याचा अभ्यास घरातच करता येतो. अठाईची, मासखमणाची आपण अनुमोदना करतो, वरघोडे काढतो, आणि ते योग्यच आहे. उशाशी तांब्या ठेवणाऱ्या तपाचा वरघोडा मात्र मी कधी पाहिला नाही.

या विचारातच एक जुनी गोष्ट मला सलू लागली. बावीस वर्षांपूर्वी पत्नीची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली, तीही मार्च महिन्यात. बँकेत वर्षअखेरीचे हिशेब चालू होते. मी रात्री नऊनंतर रुग्णालयात जाई, दहा मिनिटे थांबे आणि परते. घरी आल्यावर आठवडाभरात ती स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि मी नातेवाइकांत तिच्या हिमतीचे कौतुक करीत राहिलो. ती उभी का राहिली, हे विचारले नाही.

एका रात्री तीन वाजता मला खोकल्याची उबळ आली. मी हाक मारण्यापूर्वीच तिने उशी माझ्या हातात दिली. उबळ थांबल्यावर मी विचारले, “तेव्हा तुझे कोणी केले ग?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सासूबाई होत्या ना. मला हात वर नेता येत नसे. त्या रोज दुपारी माझे केस विंचरून वेणी घालून देत. त्यावरच दिवस काढले.”

माझी आई हे करीत होती, आणि त्याच घरात राहून मला ठाऊक नव्हते. मी क्षमा मागितली. “संवत्सरीला मागताच की दरवर्षी,” असे म्हणून ती हसली. पण दरवर्षी मी नेमके कशासाठी मागत होतो, हे मला त्या रात्री प्रथम कळले.

आता माझी प्रकृती उत्तम आहे. रोज सकाळी चालतो, सामायिक करतो. संध्याकाळी उकळून गार केलेले पाणी सकाळसाठी तिच्या उशाशी मी स्वतः भरून ठेवतो. अलीकडे तिचे मनगट दुखते, म्हणून तांब्या अर्धाच भरतो.