गिटारच्या पिकअपमधलं चुंबक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपपाशी तोंड नेऊन कितीही ओरडा, अ‍ॅम्पमधून काही ऐकू येणार नाही. आता पोलादी ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याच पिकअपच्या वर, कुठेही न टेकवता, नुसता धरा. सूर खणखणीत ऐकू येईल. पिकअप म्हणजे गिटारात बसवलेला छोटा माइक, ही समजूत एवढ्या एका प्रयोगाने निकालात निघते. पिकअपला हवेतली कंपनं कळत नाहीत, कळते ती लोखंडाची हालचाल. एखादा पिकअप ओरडणं पकडत असेल, तर त्याच्या आतलं वेटोळं ढिलं आहे. तसं होऊ नये म्हणूनच बरेच उत्पादक पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढतात.

दुसरी समजूत अशी की वीज चुंबकातून येते, आणि म्हणून वापरून वापरून चुंबक ‘उतरतं’. खरं तर चुंबकाचं काम बसल्या जागी होतं. त्याच्या समोरचा तारेचा तुकडा त्याच्या प्रभावाने स्वतःच एक छोटं चुंबक बनतो. तार छेडली की हे छोटं चुंबक हलतं आणि शेजारच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होऊ लागतं. क्षेत्र बदललं की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हा मायकेल फॅरडेचा १८३१ सालचा शोध. तार थांबली की दाब शून्य, मग चुंबक केवढंही जबर असो. ऊर्जा येते ती वादकाच्या बोटांतून. अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून केलेली अल्निको चुंबकं वाजवण्याने झिजत नाहीत. दुसरं जोरदार चुंबक त्यांच्यावर घासलं, तर मात्र ती खरोखर कमजोर होऊ शकतात.

या साध्या तत्त्वावर जॉर्ज बोशँप यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जो पिकअप घडवला, त्यात नालाच्या आकाराची दोन चुंबकं तारांना वरून वेढून बसत. रिकनबॅकरच्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारवर तो आला आणि १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे चुंबकं तारांच्या खाली गेली. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये सहा तारांखाली अल्निकोचे सहा दंड असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे.

आता सर्वात महागात पडणारा गैरसमज: चुंबक जितकं जोरदार आणि तारेच्या जितकं जवळ, तितका आवाज चांगला. आवाज वाढतो हे खरं, पण चुंबक तारेला ओढतही असतं. स्ट्रॅटवर पिकअप फार वर चढवला, की जाड ई तार बाराव्या फ्रेटच्या पुढे दाबून वाजवल्यावर एकाच स्वरात दोन स्वर भांडत असल्यासारखी लहर येते. ट्यूनर ठरत नाही, आणि लोक गिटार घेऊन दुरुस्तीला धावतात. उपाय पिकअपच्या दोन बाजूंच्या स्क्रूंमध्ये आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि दंड व तार यांत साधारण दोन ते अडीच मिलिमीटर फट राहील इतका पिकअप खाली न्यायचा, जाड तारांच्या बाजूला जरा जास्त. माझ्या मते नवा पिकअप विकत घेण्याआधी प्रत्येकाने हे करून पाहावंच.

तारांबद्दलही घोळ असतो. नायलॉनच्या तारा या पिकअपला दिसतच नाहीत. अकूस्टिक गिटारच्या ब्राँझ तारा मात्र अगदीच मुक्या नसतात, कारण त्यांच्या पोटात पोलादाची तार असते. वरचं ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे साध्या पोलादी तारा जोरात आणि गुंडाळलेल्या तारा दबक्या वाजतात.

मग ती गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, आणि घरातल्या वायरिंगचं, ट्रान्सफॉर्मरचं बदलतं क्षेत्र वेटोळ्यात शिरून अ‍ॅम्पमधून घुमतं. दोष चुंबकाला दिला जातो, पण चुंबक काढून टाकलं तरी गुणगुण तशीच राहील, कारण तिला फक्त वेटोळं लागतं. गिटार हातात धरून जागच्या जागी वळलात, की ती कमी-जास्त होते तीही यामुळेच. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला हमबकर हा त्यावरचा देखणा तोडगा. दोन वेटोळी उलट जोडायची आणि त्यांच्यातले चुंबकाचे ध्रुवही उलटे ठेवायचे. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखी शिरते, उलट जोडणीमुळे एकमेकींना खोडते. तारेचा संकेत ध्रुवांमुळे एकदा आणि जोडणीमुळे पुन्हा एकदा उलटतो, म्हणून त्याची बेरीज होते. दुसरं वेटोळं मुळात आवाज दुप्पट करायला आलंच नव्हतं.

दुकानात पिकअपची ताकद किलोओहममध्ये सांगतात, तेही फसवं आहे. तेवढेच वेढे जरा बारीक तारेने घेतले तरी रोध वाढतो, संकेत तेवढाच राहतो. वेढे खरोखर वाढवले तर आवाज वाढतो, पण वेटोळ्याचा अनुनाद खाली सरकतो आणि वरचे तीक्ष्ण स्वर मंदावतात. हेच काम केबलही करते. साध्या गिटार केबलची धारकता मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, त्यामुळे तीन मीटरऐवजी नऊ मीटरची केबल जोडली की तोच पिकअप बोथट वाटतो. ज्यांच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असतो, त्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपना हा फरक जवळजवळ जाणवत नाही.