नाव काय?

मे महिन्याच्या सुट्टीत नात आठ दिवस राहायला आली, की रात्रीची गोष्ट सांगण्याचे काम माझ्याकडे येते. एरवी मी राक्षस आणि राजपुत्रावर वेळ मारून नेतो. पण यंदा उकाडा असा होता की म्हटले, एखादी थंडगार गोष्ट काढावी! म्हणून हॅन्स अँडरसनची 'हिमराणी' काढली, आणि पहिल्याच पावलाला ठेच लागली.

"एक होती गेर्डा. तिच्या शेजारी एक मुलगा राहायचा."

"त्याचं नाव काय?"

"काय."

"अरे आबा, नाव!"

"अगं, 'काय' हेच त्याचं नाव!"

डेन्मार्कात हे नाव साधे, रोजच्या वापरातले. ते मराठीत गेल्यावर असा घोटाळा करील हे बिचाऱ्या अँडरसनला कुठून ठाऊक असणार? आमचे हसणे इतके वाढले की आतून "झोपा आता दोघेही" असा हुकूम आला. शेवटी तडजोड म्हणून त्याला 'काई' म्हणायचे ठरले.

ही गोष्ट 1844 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. परीकथा म्हणावी तर राजपुत्र-राजकन्या त्यात मधल्या एका मुक्कामापुरते येतात. बाकी सारा मामला दोन शेजारच्या पोरांचा. समोरासमोरच्या दोन माळ्यांवर त्यांची घरे. मधल्या पन्हळीवर लाकडी पेट्या, पेट्यांत थोडी भाजी आणि गुलाब. ही बाग लेखकाने हवेतून आणलेली नाही बरे का! ओडेन्से गावी त्याचे वडील चांभारकाम करीत, आई लोकांचे कपडे धुई. शेजारच्या घराला लागून असलेल्या पन्हळीत मातीने भरलेली एक पेटी, एवढीच त्या माउलीची बाग. आपल्या गोष्टीत ती अजून फुलते आहे, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले. हिवाळ्यात काई आणि गेर्डा तांब्याचे नाणे शेगडीवर तापवीत, खिडकीच्या गोठलेल्या काचेवर दाबून धरीत आणि पडलेल्या वाटोळ्या भोकातून एकमेकांकडे बघत.

आम्हाला गिरगावात कुठली गोठलेली काच! आमचा बर्फ म्हणजे भुशात गुंडाळून आलेली लादी आणि गोळेवाल्याचा रंधा. पण बाग मात्र आमचीही होती. चाळीच्या गॅलरीत, आमची खोली आणि शेजारची खोली यांच्या मधोमध, कठड्याला तारेने बांधलेला डालड्याचा डबा. त्यात गावठी गुलाब. अर्धी मालकी माझी, अर्धी शेजारच्या मुलीची. एक दिवस तिने पाणी घालायचे, एक दिवस मी. नातीला हे सांगताच ती उठूनच बसली.

मग आला तो आरसा. सैतानाने बनविलेला. त्यात चांगले दिसेनासे होई आणि वाईट तेवढे फुगून दिसे. तो फुटला, त्याचे अब्जावधी कण जगभर उडाले, आणि एक काईच्या डोळ्यात गेला, एक काळजात. झाले! काई गुलाबांना नावे ठेवू लागला. आजीचा चष्मा लावून तिच्या मागे तिची नक्कल करीत चालू लागला. नकला इतक्या हुबेहूब, की लोक म्हणू लागले, पोरगा हुशार दिसतो.

इथे मी थोडा अडखळलो. कारण अकराव्या वर्षी मला एका मोठ्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि चाळीत मलाही सगळे हुशार म्हणत होते. शेजारच्या मुलीची आजी कमरेत वाकून चाले. तिची नक्कल मी फार छान करीत असे.

"पुढे?" नात म्हणाली.

पुढे हिमराणी काईला घसरगाडीमागून ओढून नेते आणि गेर्डा एकटी त्याला शोधायला निघते. नवे तांबडे बूट ती नदीला देऊन टाकते. फुलांच्या बागेतली म्हातारी तिचे केस विंचरून तिला सारे विसरायला लावते. गेर्डाला आठवण होऊ नये म्हणून गुलाब जमिनीत गडप करते, पण आपल्या टोपीवर रंगविलेला गुलाब पुसायला विसरते! नातीला मात्र आवडली ती सुरी उशाशी घेऊन झोपणारी दरोडेखोर मुलगी, आणि त्याहून तो मासा. लॅपलंडमधल्या बाईकडे कागद नव्हता, म्हणून तिने वाळक्या माशावर चिठ्ठी लिहिली. फिनिश बाईने ती तीनदा वाचली, पाठ केली आणि मासा सरळ हंडीत टाकला. अन्न वाया कशाला घालवा?

आणि हीच बाई गेर्डाला मंतरलेले काही द्यायचे नाकारते. तिच्याजवळ आहे त्याहून मोठी शक्ती आपल्याजवळ नाही, असे रेनडिअरला सांगते. गेर्डा अनवाणी पोचते, तेव्हा काई बर्फाचे तुकडे जुळवीत बसलेला असतो. 'अनंत' हा शब्द जुळला की हिमराणी त्याला सारे जग आणि वर नव्या स्केट्सची जोडी देणार असते. गेर्डा रडते, तिच्या आसवांनी त्याचे काळीज वितळते, मग तोही रडतो आणि डोळ्यातला कण वाहून जातो. तुकडे आपणच नाचत नाचत शब्दात येऊन बसतात.

"आणि तुमच्या डब्यातला गुलाब?"

पोरे नको तिथे बोट ठेवतात. शेजाऱ्यांची बदली भुसावळला झाली. महिन्याभराने तिचे पोस्टकार्ड आले. नवे घर कसे आहे, ऊन किती आहे, आणि गुलाबाला रोज पाणी घालतोस ना. मी लाल पेन्सिलीने त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका काढल्या आणि ते कार्ड शाळेत मित्रांना दाखविले. उत्तर पाठविले नाही. दुसरे कार्ड आले नाही. गुलाब उन्हाळ्यात वाळला.

"मग तू तिला शोधायला गेलास का?"

"अगं, भुसावळ का जवळ आहे?"

"गेर्डा तर पार बर्फात गेली. बूट पण नव्हते तिला."

ती उठली, आईचा फोन घेऊन आली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली. तिने विचारले तसे मी नाव सांगितले. माहेरचे आडनावही चटकन सांगितले, ते मला पाठ होते. तिने ते टिपून घेतले आणि वर पाहिले.

"हे तेव्हाचं झालं. आत्ताचं आडनाव काय?"