निनावी काडतूस-यंत्र ओळखायचं कसं?

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, 1951 साली संपली, वाडे मात्र राहिले. वर्धा जिल्ह्यात आर्वी-हिंगणघाटकडे असा एखादा वाडा आवरायला काढला की माळ्यावरच्या पेटीत एक बुचकळ्यात टाकणारी वस्तू हाती येऊ शकते. ओतीव लोखंडाचा किंवा पितळेचा सांगाडा, टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू, लाकडी मुठीचा दांडा. नाव नाही, नंबर नाही. घरातले म्हणतात शेवयांचं यंत्र, भंगारवाला म्हणतो खिम्याचं. दोघांचाही अंदाज त्या आवळायच्या स्क्रूवरून असतो आणि तिथंच फसगत होते.

घरात आलं कसं?

वर्धा जिल्ह्यातलं बोरचं जंगल 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी परवाना काढून शिकार करता येत असे. बारा बोरची काडतुसं एली, कायनॉक अशा विलायती कंपन्यांची. त्यांचं नळकांडं कागदी, त्यामुळे पावसाळ्यात ओल धरून फुगायचं आणि बंदुकीत शिरायचं नाही. शिवाय किंमत. म्हणून हौशी शिकारी रिकामी नळकांडी आणून घरीच भरत. भरून झाल्यावर कागदाची कड आत वळवून तोंड बंद करायचं, त्यासाठी हे हातयंत्र.

तोंड बघा

नाव शोधत बसू नका, काम जिथं होतं ती जागा बघा. शेवयांच्या किंवा खिम्याच्या यंत्रात माल आत जातो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. इथं आरपार वाट नसते. दांडा फिरवला की एक छोटी वाटी फिरते. तिच्या आत गोल खाचा किंवा बारीक खुंट्या असतात. समोरून नळकांडं तिच्यावर दाबायला एखादी तरफ किंवा सरकता दट्ट्या असतो. एवढं दिसलं की शंका उरत नाही.

आता व्हर्नियर कॅलिपरने वाटीचा आतला व्यास मोजा. 20 मिलिमीटरच्या किंचित वर भरला तर बारा बोर, साडेअठराच्या आसपास सोळा बोर, साडेसतराच्या जवळ वीस बोर. आकडा वाढतो तसं तोंड लहान होतं, कारण बोर म्हणजे एका पौंड शिशाच्या, नळीत बसतील अशा किती गोळ्या होतात तो हिशेब.

सांगाडा उभा असेल तर

वस्तू टेबलाच्या कडेला न आवळता बोल्टांनी पक्की बसवायची असेल, सांगाडा इंग्रजी सी किंवा ओ अक्षरासारखा असेल आणि खालून एक जाड दांडा वर सरकत असेल, तर ते बहुधा रायफलच्या काडतुसांचं यंत्र. त्याच्या माथ्यावरच्या भोकाचे आटे मोजा. भोक 7/8 इंचाचं आणि इंचाला 14 आटे असतील, तर विसाव्या शतकात रूढ झालेलं अमेरिकी माप. ते जुळलं नाही तर यंत्र त्याआधीचं किंवा दुसऱ्या घराण्याचं समजायचं. आपल्याकडे शिकार मुख्यतः छऱ्याच्या बंदुकीची, म्हणून हा प्रकार क्वचितच दिसेल.

नाव का नाही, आणि वय किती?

शेफील्डचे जेम्स डिक्सन आणि हॉक्सली हे या अवजारांचे नावाजलेले कारखानदार. पण बराच माल व्यापाऱ्यांना बिननावाचा जाई. दुकानदाराचं नाव पेटीवरच्या कागदी चिठ्ठीवर असे. पेटी वाळवीने खाल्ली की नावही गेलं. कधी निकेलच्या मुलाम्याबरोबर छापही झिजतो. म्हणून दांड्याचं मूळ आणि तळाची बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात बघा. पॉलिश पेपर मात्र लावू नका, आपली माणसं पितळ दिसलं की घासायलाच बसतात.

वयासाठी दोन खुणा बऱ्या. मूठ बेकेलाइटची असेल तर यंत्र विसाव्या शतकातलं. आणि फक्त कड गोल वळवणारं यंत्र बहुधा कागदी नळकांड्यांच्या जमान्यातलं, कारण प्लॅस्टिकचं नळकांडं 1960 नंतर पसरलं आणि त्याचं तोंड सहसा चुण्या पाडून मिटतात. सोबत रिकामं नळकांडं सापडलं तर त्याच्या बुडावरची अक्षरं वाचा. केएफ म्हणजे पुण्याजवळची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना 1869 चा.

भरलेलं काडतूस मात्र हलवूही नका. पुलगावजवळ सोनेगावला 20 नोव्हेंबर 2018 रोजी कालबाह्य दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण गेले. ते लष्करी सामान होतं, तुमच्या पेटीतलं काडतूस किरकोळ असेल. पण जुन्या दारूचा भरवसा नसतो.

विकण्याआधी

1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे माळ्यावरचं यंत्र रिकामं असलं तरी कायद्याच्या नजरेत ते निव्वळ भंगार नसू शकतं. कलम 45 मध्ये जुन्या, निकामी शस्त्रांना सवलत आहे, पण तिथं शब्द शस्त्राचा आहे, यंत्राचा नाही. तेव्हा ते पिशवीत घालून बाजारात फिरवू नका आणि ऑनलाइन जाहिरातही टाकू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा, मोजमापं लिहा आणि लेखी अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जा. आजोबांचा जुना परवाना सापडला तर त्याची प्रतही जोडा. त्यावर बंदुकीचा बोर लिहिलेला असतो आणि तो वाटीच्या मापाशी जुळवून बघता येतो.